उर्दूत पास, इंग्रजीत नापास

गेल्या रविवारी सकाळी मावसभावाचा फोन आला. पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. भोकरदन तालुक्यातलं गाव, बारावीपर्यंत शिक्षण जालन्यात, आणि आता एकदम पुणे. घरात पेढे वाटून झाले होते आणि स्वारी जरा गंभीर झाली होती.

"दादा, आई म्हणायली तुला विचार म्हणून. काय काय घेऊन येऊ? आणि पहिल्या वर्षाला काय सांभाळावं लागतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. बादली इथेच मिळते, गोधडी मात्र घरून आण. दुसऱ्या प्रश्नाला मी म्हटलं, "शनिवारी निवांत लिहून पाठवतो." त्याला वाटलं असणार, दहा टिप्स येतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण लिहायला बसलो आणि आजोबा आठवले, आणि आजोबांमागून निजामाचं राज्य आलं. त्यामुळे हे जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

तर सुरुवात माझ्यापासून. २०१४ साली मीही असाच जालन्याहून पुण्याला आलो होतो. बारावीला गणितात चांगले मार्क, गावात हुशार म्हणून नाव. पहिल्या सेमिस्टरला एम-वनमध्ये उडालो. केटी. आयुष्यात पहिल्यांदा नापास! गंमत म्हणजे त्यातलं निम्मं मला येत होतं. पण मास्तर इंग्रजीत भराभर बोलायचे, मी एका शब्दाचा अर्थ लावेपर्यंत फळा पुसलेला असायचा. शेजारी बसणारी पुण्या-मुंबईची मुलं मान डोलवायची, म्हणून मीही डोलवायचो. (पुढे कळलं, त्यातल्या निम्म्यांनाही काही कळत नव्हतं. असो.)

निकाल लागला तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. वडलांना सांगायची हिंमत नव्हती. संध्याकाळी आजोबा अंगणात बाजेवर बसले होते. वय चौऱ्यांशीच्या आसपास, नजर अधू, पण माणूस ओळखण्यात तरबेज. निवृत्त शिक्षक ना.

"किती विषय राहिले?" त्यांनी सरळच विचारलं.

"एक."

"एकच?" ते हसले. "माझे सगळेच राहिले होते."

ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. माझ्या वडलांनाही नाही. आमच्यासाठी आजोबा म्हणजे मास्तर, गावातले शिकलेले गृहस्थ. ते एके काळी कॉलेजात होते आणि पहिल्याच वर्षी नापास होऊन परत आले होते, हे त्यांनी साठ-पासष्ट वर्षं पोटात ठेवलं होतं.

आता यात निजाम कुठून आला, ते सांगतो.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे शाळेत १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्याचा शिक्षणाशी काय संबंध, हे फारसं कुणी सांगत नाही. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. सगळे विषय इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून शिकवणारं हे देशातलं पहिलं आधुनिक विद्यापीठ. कल्पना खरोखर धाडसाची होती. त्यासाठी सरकारने भाषांतराचा एक खास विभागच उघडला, दारुत्तर्जुमा. गणित, विज्ञान, इतिहास, कायदा यांची पुस्तकं तिथे भाषांतरित झाली, शेकडो नवे पारिभाषिक शब्द घडवले गेले.

अडचण एकच. ती भारतीय भाषा उर्दू होती. संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, साधारण चौथा हिस्सा मराठी, त्यानंतर कानडी. उर्दू मातृभाषा असणारे त्यामानाने थोडेच. म्हणजे इंग्रजांच्या मुलखातला मराठी मुलगा परक्या इंग्रजीत अडखळायचा आणि निजामाच्या मुलखातला मराठी मुलगा उर्दूत अडखळायचा. अडखळणं काही चुकत नव्हतं.

आजोबांचा जन्म १९३१ चा. गावात मराठी चौथी, मग जालन्यात सरकारी शाळा, तिथे उर्दू. त्यांनी ती चांगली आत्मसात केली. शेवटपर्यंत ते हिशेब करताना आकडे उर्दूत पुटपुटायचे. भूमितीत त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे जाविया. मॅट्रिक उर्दूतून पास झाले, तेही चांगल्या मार्कांनी. तेवढ्यात सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि संस्थान भारतात आलं. उस्मानिया विद्यापीठाने उर्दू सोडून इंग्रजी माध्यम घेतलं. आजोबा औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेजात गेले ते नेमके या बदलात. वर्गात इंग्रजी.

"सिद्धता मला येत होती रे," आजोबा म्हणाले. "शब्द येत नव्हते. फळ्यावर तोच मुसल्लस काढलेला, मास्तर त्याला ट्रँगल म्हणायले. हात वर करून विचारायची लाज वाटली. पहिल्या दिवशी वाटली, मग वर्षभर वाटतच राहिली."

वर्ष गेलं, पैसे संपले, ते परत आले आणि शिक्षक झाले. स्वतःबद्दल त्यांचं एक वाक्य होतं: "उर्दूत पास, इंग्रजीत नापास आणि मराठीत मास्तर." हे सांगून ते खूप हसले. मी हसलो नाही. मला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं, की मी ज्याला माझी अक्कल कमी पडली असं समजत होतो, ते दुखणं आमच्या भागात तीन पिढ्या जुनं आहे. त्रिकोणाला मुसल्लस म्हणा, ट्रँगल म्हणा, तीन कोनांची बेरीज १८०च होते. भाषा बदलली म्हणून डोकं बदलत नाही. फक्त काही महिने तसं वाटतं, आणि त्या काही महिन्यांतच पोरं हरतात.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. नोकरी सॉफ्टवेअरची आणि नाद इतिहासाचा, असं माझं विचित्र प्रकरण आहे. आणि वाचताना एक गोष्ट लक्षात आली. आजोबांसारखीच अडचण असलेली, किंबहुना त्याहून मोठी अडचण असलेली कित्येक मुलं तरली. ती का तरली?

१९३८ चं उदाहरण घ्या. नोव्हेंबर महिना. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात राहणारी मुलं प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत. अधिकाऱ्यांनी ते बंद करायला सांगितलं, मुलांनी ऐकलं नाही. मग शेकडो विद्यार्थ्यांची नावं कमी झाली. सतरा-अठरा-वीस वर्षांची पोरं. कुणी जमीन गहाण ठेवून आलेलं असेल, कुणाच्या घरातला तो पहिलाच कॉलेजात गेलेला असेल. एका आठवड्यात खोली गेली, मेस गेली, शिक्षण गेलं.

अशा वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडलं. तिथले कुलगुरू होते टी. जे. केदार. निजामाशी वाकडं घेऊन आलेली ही मुलं त्यांनी सामावून घेतली. नागपुरात माध्यम इंग्रजी, म्हणजे उर्दूतून शिकून आलेल्या या मुलांना पुन्हा नव्याने सगळं. तरी ती शिकली. त्यात करीमनगरकडचा एक तेलुगू मुलगा होता. त्याने पुढे नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, मराठी इतकी चांगली शिकला की ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. १९९१ साली तो देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव.

मला या गोष्टीतला पंतप्रधानाचा भाग तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे, की ती मुलं एकटी नव्हती. घोळक्याने बाहेर पडली, घोळक्याने नागपूरला गेली. आणि पलीकडे कुणीतरी दार उघडायला होतं.

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर. तेव्हा मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर बहुतेक वेळा मीटरगेजच्या गाडीने हैदराबाद गाठावं लागायचं. गरिबाला ते परवडायचं नाही आणि दलित मुलाला तर त्याआधीच्या शाळेचा उंबरठाही जड होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. बाबासाहेब त्या वेळी देशाचे कायदेमंत्री होते, तरी या कॉलेजच्या उभारणीत त्यांनी जातीने लक्ष घातलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजसोबत वसतिगृहं उभी राहिली, कारण नुसता प्रवेश देऊन भागत नाही, मुलाला राहायला, जेवायला आणि अभ्यासाला जागा लागते, हे बाबासाहेबांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होतं.

आणि या कॉलेजचं नाव बघा. मिलिंद. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात तो भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि नागसेन उत्तरं देतो. नागसेनाचं नाव परिसराला दिलं, नागसेनवन. आणि कॉलेजला नाव दिलं प्रश्न विचारणाऱ्याचं! मी कित्येक वर्षं त्या पाटीसमोरून एसटीने गेलो असेन, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. राजा असून ज्याला विचारायची लाज वाटली नाही, त्याचं नाव. माझे आजोबा १९४९ ऐवजी वर्षा-दोन वर्षांनी गेले असते आणि या पाटीखालून आत शिरले असते तर? उगाच आपलं वाटतं.

तिसरं उदाहरण नरहर कुरुंदकर. हे नाव आजच्या पोरांनी ऐकलं असेल-नसेल. आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरचे, जन्म १९३२, म्हणजे आजोबांपेक्षा एका वर्षाने लहान. तेही हैदराबादला शिकायला होते. महाराष्ट्रातल्या मोठ्या विचारवंतांपैकी एक, आणि इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा नापास! पुढे पदवी घेतली, प्राध्यापक झाले आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले.

हे उदाहरण लोक नेहमी 'नापास झालं तरी काही बिघडत नाही' म्हणून देतात. मला ते पटत नाही. इंटर नापास कुरुंदकरांचं नाव राहिलं, इंटर नापास आजोबांचं वर्ष आणि कॉलेज दोन्ही गेलं. दोघंही मराठवाड्याचे, दोघंही एकाच पिढीचे. कुरुंदकर असामान्य बुद्धीचे होते हा फरक आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण आणखी एक फरक आहे. हैदराबादेत कुरुंदकरांचे मामा होते, डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. म्हणजे परीक्षा हुकली तरी पुस्तकं, चर्चा आणि विचारायला माणूस घरातच होता. आजोबांना औरंगाबादेत ओळखीचं कुणी नव्हतं. एका भाड्याच्या खोलीत ते वर्षभर एकटे बसले आणि न कळलेल्या ओळी पाठ करत राहिले.

मुलं तरतात ती एकटी नसल्यामुळे, एवढाच माझा सगळ्या वाचनाचा निष्कर्ष आहे. नागपुरात घोळका होता, नागसेनवनात वसतिगृह होतं, कुरुंदकरांना मामा होते. आजोबांना लाज होती, बस्स.

पुढे गोष्टी सुधारल्या. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि हैदराबादची वारी संपली. १९६० ला औरंगाबादेत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं. १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. माझे वडील जालन्यातच कॉलेज शिकले, घरचा डबा खाऊन. पण माझी पाळी आली तेव्हा पुन्हा गाव सुटलं आणि पुन्हा भाषा बदलली. आता तुझी पाळी.

तर भावा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

पहिल्या दोन महिन्यांत तुला वाटेल की आपण चुकून इथे आलोय. सगळ्यांना कळतंय, आपल्यालाच नाही. हे वाटणं तुझं एकट्याचं नाही, आपल्याकडे त्याची परंपरा आहे. :-) त्याला अकलेचा पुरावा समजू नकोस. डेरिव्हेटिव्ह म्हणजे तुझं बारावीचंच विकलन, इन्टिग्रल म्हणजे संकलन. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाड, एकीकडे इंग्रजी शब्द, दुसरीकडे आपला. केटीच्या वेळी मी हेच केलं. दारुत्तर्जुमाच म्हण ना, फक्त एका माणसाचा. दिवाळीपर्यंत दुसऱ्या रकान्याची गरज उरत नाही.

दुसरं, विचार. वर्गात हात वर करायची लाज वाटली तर तास संपल्यावर जा. पण "सर, काही कळलं नाही" असं म्हणू नकोस, त्याला कुणाकडेच उत्तर नसतं. "तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?" असं विचार. बहुतेक शिक्षक आनंदाने सांगतात. एखादा खेकसला तर वरच्या वर्गातल्या पोराला गाठ. आणि पहिल्या दिवशी विचार. लाजेला व्याज फार लागतं. एक दिवस ठेवली की वर्षभर फेडत बसावं लागतं, हे आजोबांचं गणित.

तिसरं, खोलीत एकटा अभ्यास करत बसू नकोस. चार जणांचा घोळका जमव, त्यात निदान एक असा शोध ज्याला तुझ्यापेक्षा जास्त येतं आणि एक असा ज्याला तुझ्यापेक्षा कमी येतं. मला एम-वन खऱ्या अर्थाने कळलं ते परभणीच्या एका रूममेटला समजावून सांगताना. आपल्या भागातली पोरं जरूर धर, पण फक्त त्यांच्यातच राहू नकोस. नरसिंह राव फक्त तेलुगू पोरांत राहिले असते तर आपटे वाचले असते का?

चौथं, पैसे. यात बाणा दाखवू नकोस. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म निघतात, वसतिगृह भत्त्याच्या योजना आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल हे सगळं गावाकडून निघायच्या आधी तहसीलमधून काढून घे आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. महिन्याच्या वीस तारखेला मेसचे पैसे संपले तर मला फोन कर. बाविसाव्या तारखेला नको, विसालाच.

पाचवं, आणि हे सगळ्यात अवघड. विषय राहिला तर घरी सांग. त्याच दिवशी. मावशी रडेल, काका दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी विचारतील की परत परीक्षा कधी. आजोबांनी ते पासष्ट वर्षं पोटात ठेवलं आणि त्या ओझ्यापायी पुन्हा परीक्षेला बसले नाहीत. मला त्या संध्याकाळी सांगितलं, आणि मी मे महिन्यात एम-वन काढला. पुढच्याच वर्षी ते गेले. मी इंजिनिअर झालेला त्यांनी पाहिला नाही. पण केटी सुटल्याचा फोन मी सगळ्यात आधी त्यांनाच केला होता. पलीकडून एवढंच म्हणाले, "शाब्बास. आता उरलेले."

आणि एक शेवटचं. आता वारं उलट्या दिशेनेही वाहायला लागलंय. २०१८ पासून जालन्यात मुंबईच्या आयसीटीचं, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, केंद्र चालू आहे. २०२४ साली जालन्याला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. म्हणजे या वर्षी कुठलातरी एक मुलगा, कदाचित नागपूरचाच, ट्रंक आणि गोधडी घेऊन जालना स्टेशनवर उतरेल. त्याला आपल्या भाषेतला 'करायलाव' आणि 'म्हणायलाव' कळणार नाही. मोंढा कुठे, मेस कुठे, काही माहीत नसेल.

दिवाळीला गावी जाशील तेव्हा असा कुणी दिसला तर त्याला चहा पाज आणि रस्ता दाखव. १९३८ चं नागपूरचं आपल्यावर थोडं देणं बाकी आहे.

ये लवकर. स्टेशनवर घ्यायला येतो. गोधडी विसरू नकोस.